नदीत उतरण्याआधी पाच मिनिटे

परीक्षा संपून शाळांना सुट्या लागल्या की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक म्हणजे आंबा आणि लग्नाच्या पंगती यांनी पोट बिघडलेले. दुसरे म्हणजे कान ठणकणारी, डोळे लाल झालेली, तळपायात काच घुसलेली पोहणारी मुले. या दुसऱ्या प्रकारातल्या रुग्णांना मी फारसा रागावत नाही. कृष्णाकाठच्या मुलाने नदीत पोहायचे नाही तर कुठे पोहायचे? छाती, खांदे, पाठ, पाय या सगळ्यांना एकदम व्यायाम देणारा आणि खिशाला काहीही न लागणारा असा दुसरा खेळ नाही.

पण अधूनमधून एखादा मुलगा असाही आणला जातो की ज्याच्यासाठी डॉक्टरच्या हाती काही उरलेले नसते. आणि बरोबर आलेली मंडळी बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, पट्टीचा पोहणारा होता हो."

हे वाक्य खोटे नसते. पोहायला येणे ही एक गोष्ट, आणि आजची नदी आज उतरण्याजोगी असणे ही दुसरी गोष्ट. पहिलीची खात्री आपण करून घेतो, पण दुसरीचा विचार करत नाही. विहिरीचे पाणी काल होते तिथेच आज असते. नदीचे तसे नाही. काल जिथे कमरेइतके पाणी होते तिथे आज डोक्यावर असू शकते. तेव्हा वाचकहो, कपडे काढण्यापूर्वी घाटावर पाच मिनिटे उभे राहून नदी कशी तपासावी, याविषयी आज लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील दर शंभरांत सुमारे ४३ जण पंधरा वर्षांखालील होते. साथीच्या रोगाने इतकी मुले गेली असती तर गावोगाव फवारणी झाली असती. बुडण्याला मात्र आपण 'पाण्याने ओढले' म्हणतो आणि गप्प बसतो.

वरच्या अंगाला काय चालले आहे?

पहिली चौकशी पाण्याची नव्हे, पाणी सोडणाऱ्यांची करावी. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आपली नदी वाढते, हे काठावरच्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. कोयना धरणाच्या पायथ्याला वीजगृह आहे. तिथून सोडलेले पाणी कोयना नदीतून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीकडे येते. उपसा सिंचन योजनांना, पिण्याला पाणी लागले की ते सोडले जाते. ते आपल्या गावी पोचते तेव्हा गाजावाजा होत नाही. नदी हळूच फुगते, मधला वाळूचा बेट बुडतो, आणि बेटावर गेलेल्या मुलांचा परतीचा रस्ता बंद होतो.

माझ्या ओळखीचा एक म्हातारा नावाडी होता. पोहायला उतरणाऱ्या पोरांना तो पाण्याच्या अगदी काठाशी एक काडी चिखलात खोचायला लावी आणि म्हणे, "काडी बुडाय लागली की कापडं घालायची, बाकी काय इचारायचं न्हाई." याहून स्वस्त आणि चोख यंत्र मला आजवर कोणी दाखवलेले नाही. काडी खोचा, दर दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहा. पाणी बोटभर चढलेले दिसले तरी सर्वांना बाहेर बोलवा. त्याचबरोबर स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागणे, वरून घोंघावल्यासारखा आवाज येणे, यांपैकी एक खूण दिसली तरी पुढच्या खुणेची वाट पाहू नये.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर ही वाढ काही मिनिटांत होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ती माणसे खोल पाण्यात शिरली नव्हती. ती उभी होती त्या प्रवाहात वरून लोंढा आला. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी डोंगरात काय पडते आहे, हे खाली दिसत नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. हे आकडे वस्तीत पाणी शिरण्याचे आहेत, पोहणाऱ्याचे नाहीत, हे लक्षात ठेवावे. 'अजून इशाऱ्याला पंधरा फूट बाकी आहेत' म्हणून पुरात उडी टाकणाऱ्याने आकडा बरोबर वाचला, पण अर्थ चुकीचा लावला.

पाण्याचा वेग आणि तळ

वेग मोजायला एक वाळकी काटकी आणि घड्याळ पुरे. काठावर दहा मोठ्या ढांगा मोजून दोन खुणा करा; हे अंतर ढोबळ मानाने दहा मीटर धरायला हरकत नाही. वरच्या खुणेसमोर काटकी जमेल तितकी नदीच्या मध्याकडे फेका, कारण काठाजवळचे पाणी नेहमी संथ असते आणि फसवते. काटकी खालच्या खुणेपर्यंत यायला वीस सेकंदांहून जास्त वेळ लागला तर नदी संथ आहे. दहा सेकंदांत आली तर पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आहे. ऐकायला हा वेग किरकोळ वाटतो, रमतगमत चालणाऱ्या माणसाइतका. पण सर्वसाधारण पोहणारा याहून फार जलद पोहू शकत नाही. म्हणजे तो जिवाच्या आकांताने हात मारील आणि असेल तिथेच राहील, दम संपेपर्यंत. अशा पाण्यात मुलांना उतरवू नये, आणि मोठ्यांनीही गुडघ्याच्या वर जाऊ नये. काटकी दहा सेकंदांच्या आतच आली तर त्या दिवशी घाटावर बसून तांब्याने अंघोळ करावी. ही माझी ढोबळ पद्धत आहे, पण उपयोगी पडते.

उभ्या माणसाला पाणी कसे पाडते? सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी कमरेपर्यंत उभ्या असलेल्या माणसाला साधारण दहा ते पंधरा किलोच्या रेट्याने ढकलते. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. शिवाय पाण्यात शरीर हलके झालेले असते, त्यामुळे पायाची जमिनीवरची पकड आधीच सुटत आलेली असते. तळाला शेवाळलेला दगड असला तर विचारायलाच नको.

तळ हा नदीचा सर्वांत बेभरवशाचा भाग. पूर्वी गावातल्या जाणत्या माणसाला डोह कुठे, कपार कुठे, भोवरा कुठे हे पाठ असे. आता वाळू उपशाने ते ज्ञान कुचकामी केले आहे. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचे पाऊल दोन पुरुष खोल खड्ड्यात पडते, आणि खड्ड्याची कड वाळूची असल्याने धरायला गेले की ढासळते. दरवर्षी पुरानंतर तळ बदलतो. म्हणून मोसमात प्रथमच उतरताना हातात लांब काठी घेऊन तळ चाचपत जावे, आणि नवख्या ठिकाणी डोके खाली करून सूर कधीही मारू नये. पुलावरून किंवा दरडीवरून सूर मारणाऱ्याचे डोके तळाच्या दगडावर आपटले की मानेचा मणका मोडतो, मज्जारज्जू दुखावतो. मग धडधाकट तरुण उरलेले आयुष्य अंथरुणावर काढतो. हातपाय हलत नाहीत, लघवीसुद्धा नळीने काढावी लागते. असा रुग्ण एकदा पाहिला की विसरता येत नाही.

बंधारा

कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताना खांबांच्या मध्ये बरगे घालून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायचे, अशी ही सोय. शेतीला वरदान, आणि मुलांना पोहायला आकर्षण, कारण वर तुडुंब पाणी आणि खाली फेसाळ धबधबा. माझ्या मते नदीवर माणसाने बांधलेल्या गोष्टींत पोहणाऱ्याला सर्वांत घातक हीच.

वरच्या बाजूचा धोका डोळ्यांना दिसत नाही. पाणी वरून शांत असते, पण एखादा बरगा निघालेला किंवा खालून कुजलेला असला तर त्या फटीतून पाणी जोराने ओढले जाते. पोहणारा जवळ गेला की त्याचा पाय वा धड त्या फटीवर चिकटून बसते, आणि मागच्या सगळ्या पाण्याचा दाब त्याला तिथेच दाबून धरतो. चार माणसांनी ओढूनही तो सुटत नाही.

खालच्या बाजूचा धोका उलट तऱ्हेचा. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाला जाते, थोडे पुढे वर उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच मागे फिरते. त्यात सापडलेला माणूस वर येतो, मागे खेचला जातो, पडत्या पाण्याखाली दाबला जातो, पुन्हा वर येतो. जात्यात सापडलेल्या दाण्यासारखी गत होते. त्यात फेस म्हणजे निम्मी हवा, त्यामुळे शरीर नीट तरंगत नाही. अंगात लाइफ जॅकेट असलेली माणसेही यातून सुटत नाहीत. धबधबा कमरेइतक्याच उंचीचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. उंचीचा येथे फारसा संबंध नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना दूर राहावे.

मगरी आणि घाण

भिलवडी, औदुंबर या बाजूच्या वाचकांना मगरीविषयी मी काय सांगावे! पण सुटीला पाहुणे आलेल्या मुलांना ते माहीत नसते. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ. मादी काठावर मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्या जागेची राखण करते. म्हणजे आपल्या मुलांची सुटी आणि तिचे बाळंतपण एकाच वेळी येते. ओल्या काठावर पोट घासत गेल्याचा गुळगुळीत पट्टा, शेजारी पंजांचे ठसे असले तर ती जागा सोडावी. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यात बसू नये. मगर दिसली तर दगड मारण्याचा पुरुषार्थ करू नये, वनखात्याला कळवावे.

घाणीबद्दल थोडक्यात. अंघोळीच्या पाण्याचा आपल्या देशात सरकारने ठरवलेला निकष असा आहे की १०० मिलीलिटर पाण्यात विष्ठेतील जंतूंची संख्या ५०० पर्यंत असावी, आणि कमालीची मर्यादा २५००. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण नाला कुठे मिळतो ते दिसते. नाल्याच्या खालच्या अंगाला पोहू नये. पाण्यावर हिरवी साय, मेलेले मासे, उग्र वास असेल तर उतरू नये. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन दिवस तर नदी सगळ्या गावाची गटारे धुऊन आणत असते. अंगावर जखम असताना पुराच्या वा साचलेल्या पाण्यात गेल्यास उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पाण्यात गेल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर डॉक्टरांना 'मी नदीत उतरलो होतो' हे आवर्जून सांगा. सांगितले नाही तर आम्ही मलेरिया शोधत बसतो. कानातून पू येत असणाऱ्याने, कानाच्या पडद्याला भोक असणाऱ्याने पोहणे बंदच ठेवावे.

उतरणारा कसा आहे?

नदी तपासली, आता माणूस. फिट येणाऱ्या रुग्णाने, औषध चालू असले तरी, शेजारी दणकट पोहणारा असल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. जमिनीवर दोन मिनिटांत थांबणारी फिट पाण्यात जीव घेते. जेवून पोहल्याने माणूस बुडतो ही समजूत अतिशयोक्त आहे, फार तर ओकारी येईल. दारू पिऊन पोहणारा मात्र खरोखर बुडतो. पार्टीसाठी नदीकाठ निवडणाऱ्या तरुण मंडळींनी दोहोंपैकी एकच गोष्ट करावी.

आणखी एक धोका आईबापांना ठाऊक नसतो. 'पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो' अशी पैज मुले लावतात, आणि बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे रक्तातील कर्बवायू खूप कमी होतो. आपल्याला 'आता श्वास घे' असा हुकूम देणारा मुख्यत्वे हाच वायू. हुकूम येण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि मुलगा पाण्याखाली, कसलीही धडपड न करता, बेशुद्ध होतो. वरचे मित्र 'काय दम आहे' म्हणून कौतुकाने मोजत असतात. ही पैज सरळ बंद करावी.

पूर्वी वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा पाठीला बांधून मुले पोहायला शिकत, आणि बाप वा काका शेजारी असे. आता ट्यूब आली, काका गेला. हवेची ट्यूब हातातून निसटते, वाऱ्याने दूर जाते, आणि तिच्या भरवशावर न पोहणारा खोल पाण्यात गेलेला असतो.

नावेत बसण्याचेही तसेच. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने नाव उलटली आणि सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा कधी उठेल याचा नेम नसतो. नावेत लाइफ जॅकेट नसतील तर बसू नका, आणि असतील तर ते अंगात घाला. बाकाखाली ठेवलेले जॅकेट काही कामाचे नाही. घातल्यावर सगळे बंद लावून दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे, बदलून मागा. आजकाल आपल्याकडची मुले कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंगला जातात. तिथले पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून वीज तयार झाल्यावर सुटते, त्यामुळे ते ठरावीक वेळी वाढते व ओसरते. जाणत्या चालकाबरोबर हा खेळ चांगला आहे. पण डोक्याला हेल्मेट, मापाचे जॅकेट आणि निघण्यापूर्वी दहा मिनिटे सूचना, यांपैकी काही नसेल तर पैसे परत मागावेत. हृदयविकार, दमा, नुकतेच झालेले ऑपरेशन, गरोदरपण असताना या फंदात पडू नये. कुठल्याही प्रवाहात पडल्यास उभे राहण्याची धडपड करू नका, पाय दगडात अडकतो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवा आणि तिरके तिरके काठाकडे सरका.

बुडताना आणि बुडाल्यावर

सिनेमात बुडणारा ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात बुडणारा बहुधा गप्प असतो. डोके मागे कललेले, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले, हाक मारली तरी उत्तर नाही. हे चित्र एक मिनिटभरही टिकत नाही. म्हणून मुले पाण्यात असताना काठावरच्या एका माणसाने दुसरे काही करायचे नाही, मोबाइलही नाही.

वाचवायला उडी टाकणारा दुसरा बळी ठरतो, कारण बुडणारा गळ्याला मिठी मारतो. काठावर पालथे पडून काठी, धोतर, साडी पुढे करा. पाच लिटरचा गोडेतेलाचा रिकामा कॅन, तळाला थोडे पाणी ठेवून झाकण घट्ट लावलेला आणि दोरीला बांधलेला, लांबवर फेकता येतो आणि माणसाला तोलून धरतो. सहलीला जाताना तो गाडीत टाकायला काय जड आहे?

बाहेर काढलेल्या माणसाला गरगर फिरवणे, उलटे टांगणे, घागरीवर पालथा घालून पोट दाबणे हे प्रकार अजून चालतात. मी ते स्वतः पाहिले आहेत आणि त्यात गेलेली मिनिटेही मोजली आहेत. पोटातील पाणी काढून काही साधत नाही, उलट ओकारी फुप्फुसात जाते. त्याला पाणी काढायला नको, हवा हवी. प्राणवायू बंद झाल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेव्हा एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच काम सुरू करावे. उताणे निजवा, हनुवटी वर उचला, श्वास चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा भरा, छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून ३० वेळा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दोन इंच खोल दाबा. मग पुन्हा दोन श्वास. पाचदहा वर्षांच्या मुलाला एकाच तळहाताने दाबले तरी पुरते. हे मदत येईपर्यंत थांबवू नये. हल्ली नुसती छाती दाबायला शिकवतात, ते हृदयविकाराच्या झटक्याला ठीक आहे. बुडालेल्याला श्वास द्यावाच लागतो. आपल्या गावातल्या तालमीत, तरुण मंडळात दोन तासांत हे शिकवता येते. मंडळांनी बोलावल्यास मी रविवारी येईन.

आणि जो वाचला, उठून बसला, 'मला काही झाले नाही' म्हणाला, त्यालाही रुग्णालयात न्या. पाणी फुप्फुसात गेले असेल तर पुढच्या काही तासांत खोकला, धाप, छातीत घरघर सुरू होते. सहा ते आठ तास त्याला देखरेखीखाली ठेवावे लागते. मार बसेल या भीतीने मुले ही गोष्ट घरी लपवतात. नदीवरून आलेला मुलगा गप्प असेल, खोकत असेल, अवेळी झोपायला बघत असेल, तर आधी विचारा आणि मग लगेच घेऊन या. रागावणे दुसऱ्या दिवशी.